देणगी नव्हे, व्रतातला वाटा

हेदवीच्या दशभुज लक्ष्मीगणेशाच्या दर्शनाला गेले की गावातल्या जाणत्यांशी चार गोष्टी होतातच. मागच्या खेपेस एका निवृत्त गुरुजींनी विचारले, "ख्रिस्ती भगिनी आजन्म रुग्णसेवा करतात. आपल्यातले किती जण असे घर सोडून निघतील?" प्रश्न रास्त होता. पण सेवेसाठी घर सोडावेच लागते, असे त्यात गृहीत होते. खुद्द त्या भगिनींच्या अनेक संस्थांनीच हे गृहीत बाजूला ठेवले आहे.

जगभरातील कॅथॉलिक भगिनींची संख्या १९७० च्या सुमारास दहा लाखांच्या घरात होती. २०२२ च्या अखेरीस ती सहा लाखांच्या किंचित खाली आली. युरोप-अमेरिकेत नव्या मुली येईनाशा झाल्या, शाळा-रुग्णालये मात्र उभी होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्येच सामान्य श्रद्धावंतांच्या धर्मकार्याचा स्वतंत्र विचार मांडला होता. पुढे अनेक संघांनी गृहस्थांना सहयोगी करून घेतले. ते संसार सोडत नाहीत, नोकरीही सोडत नाहीत. पण शिक्षण घेऊन, वचन देऊन भगिनींच्या प्रार्थनेत आणि कामात वाटेकरी होतात. मदर तेरेसांच्या सहकाऱ्यांच्या संघटनेला पोपची मान्यता १९६९ मध्ये मिळाली आणि १९९३ मध्ये मदरनी स्वतःच ती विसर्जित केली. संघटनेचा पसारा गेला, मदतीचे हात राहिले.

सेवेच्या जोडीने धर्मांतर होत असेल तर त्याला आपला विरोध आहे आणि राहील. पण विरोध नोंदवला म्हणून आपले कर्तव्य फिटत नाही. जो रुग्णाच्या उशाशी बसतो, त्याचाच शब्द रुग्णाच्या मनात उतरतो. ती जागा आपण रिकामी ठेवली, तर तिथे दुसरे कोणी बसले याची तक्रार कोणत्या तोंडाने करावी?

आणि ही वाट आपल्याला परकी तरी कुठे आहे? याच रत्नागिरी जिल्ह्याच्या मातीतले धोंडो केशव कर्वे संन्यासी नव्हते. पत्नी, मुले, फर्ग्युसन महाविद्यालयातील गणिताची प्राध्यापकी, हे सारे सांभाळून त्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला. संस्थेला आयुष्य वाहणारी माणसे हवीत, म्हणून १९०८ मध्ये त्यांनी 'निष्काम कर्ममठ' स्थापन केला. आपली शक्ती कार्याला द्यायची, खासगी लाभ पाहायचा नाही, संस्था देईल त्यात भागवायचे, हे त्याचे व्रत. नाव मठाचे, पण दार गृहस्थाला आणि स्त्रियांनाही उघडे. देवरुखच्या पार्वतीबाई आठवले तरुणपणी विधवा झाल्या, आश्रमात येऊन शिकल्या आणि मग त्याच आश्रमासाठी गावोगाव झोळी घेऊन फिरल्या. १९१८ मध्ये तर तोडकेमोडके इंग्रजी घेऊन त्या अमेरिकेला गेल्या आणि तिथे घरकाम करूनही त्यांनी दिवस काढले.

आज आपण काय करतो? गणपतीला चाकरमानी गावी येतो, मंदिराला आणि सेवाप्रकल्पाला पावती फाडतो आणि निश्चिंत होऊन मुंबईची गाडी पकडतो. त्या देणगीचे मोल आहेच. परंतु देणगीदार कार्याला आधार देतो. व्रतात वाटा घेणारा ते कार्य स्वतःचे करतो. देणगीची पावती मिळते, वाट्याची जबाबदारी मिळते.

मागच्या पिढीपेक्षा आज आपल्याकडे निवृत्तीनंतरची धडधाकट वर्षे अधिक आहेत. निवृत्त परिचारिका, शिक्षक, बँकेतले अधिकारी घरोघरी आहेत. त्यांनी घर सोडू नये. आठवड्याचे दोन ठरावीक दिवस आपल्या गावातील किंवा वस्तीतील एकाकी वृद्धांना, अंथरुणाला खिळलेल्यांना द्यावेत, आणि पाहुणे आले, पाऊस लागला, मन झाले नाही, तरी ते दिवस चुकवू नयेत. सवडीने केलेले काम ही मदत. नेमाने केलेले काम हे व्रत.

गुरुजींना एवढेच उत्तर दिले, की घर सोडणारे थोडेच असतात. घराचे दार उघडे ठेवणारे किती, ते मोजायला हवे.