पुस्तक विकत, मालकी मात्र उसनी

इलेक्ट्रॉनिक पुस्तके वाचण्यासाठीच बनविलेल्या वाचनयंत्रांचे गुण कोणी नाकारणार नाही. शेकडो पुस्तके पोटात घेऊनही ती हातात हलकी असतात. त्यांचा पडदा भर उन्हातही डोळ्यांना खुपत नाही. अक्षर हवे तेवढे मोठे करता येते. अमेझॉनने २००७ साली अमेरिकेत ‘किंडल’ आणले तेव्हा त्याची किंमत ३९९ डॉलर होती. पुढे किमती पुष्कळ उतरल्या आणि २०१६ पासून त्यावर मराठी पुस्तकेही मिळू लागली. तथापि, यंत्र उत्तम म्हणून ते सामान्य ग्राहकाच्या हिताचेच, असे मानणे घाईचे ठरेल.

आधी हिशेब पाहावा. समजा, यंत्राला दहा हजार रुपये पडले आणि छापील प्रतीच्या तुलनेने दर पुस्तकामागे पन्नास रुपये वाचले, तर नुसता खर्च भरून निघण्यास दोनशे पुस्तके घ्यावी लागतील. वर्षाकाठी पाच पुस्तके घेणाऱ्या शिक्षकाला वा कारकुनाला त्यासाठी चाळीस वर्षे लागतील. यंत्राची बॅटरी तितकी टिकत नाही. शिवाय तीच पुस्तके खिशातल्या मोबाइलवरही वाचता येतात. विद्यार्थ्यांची अडचण आणखी वेगळी. आकृत्या व कोष्टके असलेल्या मोठ्या आकाराच्या पाठ्यपुस्तकाचे पान सहा इंची पडद्यावर धड वाचता येत नाही.

परंतु खरा प्रश्न पैशाचा नाही, मालकीचा आहे. छापील पुस्तकाची किंमत मोजली की ते ग्राहकाचे होते. ते शेजाऱ्याला वाचावयास देता येते, जुन्या पुस्तकांच्या दुकानात विकता येते, मुलांसाठी मागे ठेवता येते. इलेक्ट्रॉनिक पुस्तकाच्या बाबतीत ग्राहकाच्या पदरी बहुधा पडतो तो केवळ वाचण्याचा परवाना, आणि तोही एकाच दुकानाशी जखडलेला. २००९ साली जॉर्ज ऑर्वेलच्या ‘१९८४’ आणि ‘ॲनिमल फार्म’ यांच्या काही प्रती, त्या विकणाऱ्याकडे हक्क नव्हते म्हणून, अमेझॉनने ग्राहकांच्या यंत्रांतून परस्पर पुसून टाकल्या. पैसे परत केले, माफीही मागितली. पण घरातले पुस्तक दुकानदाराला न विचारता नेता येते, हे सिद्ध झालेच. संगणकावर वाचावयाच्या पुस्तकांचीही तीच गत. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपले पुस्तकांचे दुकान बंद केले, तेव्हा विकलेली पुस्तके नाहीशी झाली. किंमत परत मिळाली आणि पुस्तकांत टिपणे करणाऱ्यांना वर २५ डॉलर देण्यात आले. परंतु अभ्यासकाच्या टिपणांचे मोल असे डॉलरांत होत नसते.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने या बाबतीत निदान स्पष्टतेचा आग्रह धरला आहे. १ जानेवारी २०२५ पासून तेथे अमलात आलेल्या कायद्यानुसार, ग्राहकाला केवळ परवाना मिळत असेल तर ते ठळकपणे सांगितल्यावाचून विक्रेत्याला ‘खरेदी’ हा शब्द वापरता येत नाही. आपल्याकडेही अशी तरतूद व्हावयास हवी. प्रवासी, अखंड वाचणारे आणि दृष्टी मंदावलेले यांनी यंत्र जरूर घ्यावे. इतरांनी मात्र पैसे मोजण्यापूर्वी एवढे विचारावे: दुकान उद्या बंद झाले, तर आपल्या हाती काय उरेल?