गॅस्केट बदलले, पण पंपाचे काय?

बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर गुजरातची हद्द येण्याआधी खापर लागते. एका बाजूला सपाट रस्त्याने सागबारा, डेडियापाडा, अंकलेश्वर. दुसऱ्या बाजूला अक्कलकुव्यावरून देवगोई घाट चढून मोलगी. सिमेंट, सळई, किराणा वर जातो; आमचूर, भगर आणि मजूर खाली येतात. या वाहतुकीचा मोठा भार जुन्या डिझेल गाड्या वाहतात आणि त्यांतल्या अनेकींचा डिझेल पंप वाढवलेला असतो. कंपनीने तार आणि शिसे लावून बंद केलेले सील तोडायचे, डिझेलचा स्क्रू फिरवायचा, मागे पाटे वाढवायचे, डाल्याला उंच फळ्या लावायच्या, की गाडी जास्त ओढते. आणि मग एखाद्या एप्रिलच्या दुपारी, चढणीवर, हेड गॅस्केट उडते.

त्यानंतर मालकापुढे जो प्रश्न उभा राहतो तो दिसतो त्याहून अवघड आहे. फक्त गॅस्केट बदलून गाडी रस्त्यावर काढायची, की वाढवलेला पंपही पूर्ववत करायचा?

आधी मालकाची बाजू. गाडी उभी राहिली की भाडे बुडते, बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. पंप त्याने हौसेने वाढवलेला नसतो. भाडे खेपेवर ठरते. शेजारच्या गाडीने दोन टन जास्त नेले की त्यालाही न्यावे लागतात, नाहीतर व्यापारी पुढच्या वेळी त्याला बोलवत नाही. कंपनीच्या सेटिंगवर भरलेली जुनी गाडी घाटात पहिल्या गिअरवर रांगते, क्लच जळतो, मागच्या एसटीचा हॉर्न वाजत राहतो. मोठी गाडी घे म्हणणे सोपे आहे. ती घ्यायला लागणारा पैसा अक्कलकुवा तालुक्यातल्या एका गाडीच्या मालकाकडे कुठून येणार? शिवाय पंप वाढवूनही वर्षानुवर्षे बिनतक्रार चाललेल्या गाड्या त्याने डोळ्यांनी पाहिलेल्या असतात. ‘गॅस्केट म्हणजे झिजणारा माल, आज ना उद्या जाणारच होते,’ असे तो म्हणतो, आणि त्यात तथ्य आहे. कंपनीच्या सेटिंगवरच्या गाड्यांचीही गॅस्केट जातात. रेडिएटर चोंदलेला असतो, पाण्याचा पंप गळत असतो, फॅनचा पट्टा सैल असतो, मिस्त्रीने थर्मोस्टॅट काढून फेकलेला असतो, कूलंटऐवजी बोअरचे जड पाणी वर्षानुवर्षे भरलेले असते. त्या पाण्याचा क्षार जाकिटात बसला की धातूची उष्णता पाण्यापर्यंत पोहोचतच नाही. अशा गाडीचे सगळे खापर पंपावर फोडणे अन्याय्य ठरेल.

पण दुसऱ्या पारड्यात जे आहे ते मोजता येते, म्हणून ते मोजलेच पाहिजे.

टाटाच्या 497 इंजिनात चार सिलिंडर आणि प्रत्येकाचा व्यास 97 मिलिमीटर. नावच त्यावरून पडले आहे. या व्यासाचे क्षेत्रफळ सुमारे 74 चौरस सेंटिमीटर भरते. आत डिझेल पेटून दाब 100 बारला पोहोचला, तर एकेक सिलिंडर हेडला सुमारे साडेसात टनांनी वर ढकलतो. पंप वाढवल्यावर तो दाब पाचव्या हिश्श्याने जरी चढला, तरी तोच जोर नऊ टनांवर जातो. हेडचे बोल्ट मात्र तेच, त्यांचा ताणही तोच. प्रत्येक स्फोटाला हेड केसभर उचलले जाते आणि पुन्हा बसते. मिनिटाला हजारो वेळा. गॅस्केटची सिलिंडरभोवतीची पोलादी कडी हे किती दिवस सोसणार?

दाबापेक्षा उष्णतेचे गणित अधिक कडक आहे. जास्त डिझेल म्हणजे जास्त उष्णता, आणि तिचा एक वाटा रेडिएटरलाच बाहेर टाकावा लागतो. रेडिएटर किती उष्णता टाकील हे आतले पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरते. पाणी 95 अंशांवर आणि हवा 25 वर असेल, तर फरक 70 अंशांचा. खानदेशात मे महिन्यात हवा 42 अंशांवर गेली की तो 53 उरतो. म्हणजे काहीही न बिघडता रेडिएटरची ताकद जवळजवळ पाव हिश्श्याने घटली. त्यात चढण आली की गाडीचा वेग कमी, समोरून येणारी हवा कमी आणि इंजिनवरचा भार पूर्ण. आमचुराचा हंगामही नेमका याच दिवसांतला. जानेवारीत सपाट रस्त्यावर निभावलेला वाढीव पंप मे महिन्यात देवगोई घाटात का निभावत नाही, याचे उत्तर या आकड्यांत आहे. पंप वाढवूनही वर्षानुवर्षे चाललेल्या गाड्यांचा दाखला देताना त्या कुठल्या रस्त्यावर, कुठल्या महिन्यांत चालल्या हेही विचारायला हवे.

मग तिसरा मार्ग सुचवला जातो: ताकद ठेवायची, पण इंजिन तिला साजेसे करायचे. मोठा रेडिएटर, चांगले बोल्ट, जाड गॅस्केट, पंपवाल्याकडून नीट बसवलेली नोझले. हा मार्ग तांत्रिकदृष्ट्या खोटा नाही. जगभर शर्यतीच्या आणि शेतीच्या डिझेल इंजिनांवर असे काम होते. पण इंजिन मजबूत केले तरी ब्रेक, ॲक्सल, स्टिअरिंग आणि चासी तीच राहते. वाढलेली ताकद वापरली जाते ती जास्त माल चढवायला, आणि परतीचा जास्त माल त्याच घाटाने खालीही आणावा लागतो. देवगोईसारख्या घाटरस्त्यावर या मार्गाचा हिशेब जुळत नाही, असे आमचे मत आहे.

कायद्याची बाजूही अस्पष्ट नाही. मोटार वाहन कायदा, 1988 चे कलम 52 निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून वाहन वेगळे होईल असा फेरफार करू देत नाही. 9 जानेवारी 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने जयचंद्र खटल्यात हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने परवानगी नसलेल्या फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. जादा मालासाठी वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार, हा दंड वेगळाच. सरकारने सवलतही दिली आहे, तीही सांगितली पाहिजे: 2018 मध्ये चार टायरच्या मागच्या ॲक्सलची मर्यादा 10.2 टनांवरून 11.5 टनांवर नेली गेली. पण ती सवलत ज्या गाडीची ॲक्सल तेवढे वजन सोसते तिच्यासाठी आहे. ज्या गाडीच्या कागदावर कमी वजन आहे तिला पाटे वाढवून हा आकडा मिळत नाही.

तपासणीत फिरवलेला स्क्रू दिसत नाही, हे खरे. दिसतो तो काळा धूर. आणि अपघात झाला की विम्याच्या दाव्यात अशा फेरफारावर बोट ठेवले जाऊ शकते. तेव्हा वाचवलेल्या खेपांचा सगळा नफा एका कागदावर जातो.

या सगळ्यापेक्षा आम्हाला जड वाटते ते एकच पारडे: डाल्यात बसलेली माणसे. धडगाव-अक्कलकुव्यातली कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत उतरतात आणि होळीला परत येतात. काठीच्या राजवाडी होळीला, महाशिवरात्रीला देवमोगऱ्याच्या याहामोगीला, दिवाळीत अस्तंब्याला माणसे मालवाहू गाड्यांतूनच जातात, कारण दुसरी गाडी वेळेवर मिळत नाही. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये अस्तंब्याहून परतणाऱ्या भाविकांची पिकअप चांदसैली घाटात दरीत गेली आणि माणसे दगावली. त्या अपघाताचा गॅस्केटशी संबंध जोडण्याचे काही कारण नाही. पण या डोंगरात मालगाडीत माणसे असतात, हे गृहीत धरूनच तिची दुरुस्ती ठरवली पाहिजे. व्हॅक्यूमच्या मदतीवर चालणारे ब्रेक असलेल्या गाडीचे इंजिन घाटात बंद पडले, तर ब्रेक काही वेळा दाबल्यावर ती मदत संपते आणि पेडल दगडासारखे होते. गॅस्केट फुटून पाणी सिलिंडरमध्ये उतरले की इंजिन असेच अचानक अडकू शकते.

म्हणून आमचा कौल पंप पूर्ववत करण्याच्या बाजूने आहे. घाटात जाणाऱ्या आणि माणसे बसण्याची शक्यता असलेल्या गाडीसाठी तो बिनशर्त आहे. सपाट रस्त्यावरच्या गाडीच्या मालकाचे म्हणणे आम्हाला कळते, पण कायदा त्यालाही सूट देत नाही, आणि मे महिना त्याच्याही रेडिएटरला सूट देत नाही.

आता कामाविषयी, कारण पंप पूर्ववत करूनही काम वाईट झाले तर गॅस्केट पुन्हा जाणारच. इंजिन चालू असताना रेडिएटरमध्ये बुडबुडे, थंड इंजिनवरही टणक झालेली वरची नळी, गळती न दिसता घटणारे पाणी, ऑइलला आलेला दुधाळ रंग: यांतले काहीही दिसले की गाडी पुढे रेटू नये. पाणी ओतत ओतत गाडी नंदुरबारपर्यंत नेण्याचा मोह फार महागात पडतो. गॅस्केटपुरते असलेले काम त्या प्रवासात हेड वाकण्यापर्यंत किंवा बेअरिंग जाण्यापर्यंत पोहोचते. टोचन करून न्यावी, किंवा खापर-अक्कलकुव्यातच उघडावी. आपल्याकडचे मिस्त्री हे काम उत्तम करतात. त्यांना घाई करायला लावणारे आपणच असतो.

हेडचे बोल्ट इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, कडेकडून मधोमध येत, थोडे थोडे सैल करायचे. हेडवर सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने बाक पाहायचा. हेडला तडा आहे का, विशेषतः दोन व्हॉल्व्हच्या मधल्या पट्टीत, हे दाबाखाली तपासून घ्यायचे. लेथवर फेस मारून घेणे ही आपल्याकडची सवयच झाली आहे, पण डिझेल हेडचा फेस मन मानेल तितका काढता येत नाही. जास्त काढला की व्हॉल्व्ह पिस्टनच्या जवळ येतात आणि नोझलची उंची बदलते. कंपनीने किती परवानगी दिली आहे ते पाहून, गरज असेल तर त्या जाडीचे गॅस्केट घ्यावे लागते. लायनर ब्लॉकच्या वर किती आले आहे हे मोजणे तर बहुतेक ठिकाणी राहूनच जाते, आणि नवे गॅस्केट काही महिन्यांत जाण्यामागे अनेकदा तेवढेच कारण असते. बोल्टच्या भोकात पाणी-ऑइल राहिले तर आवळताना ब्लॉकला तडा जाऊ शकतो. भोके हवेने कोरडी करावीत. आवळताना मधून कडेकडे, टप्प्याटप्प्याने, टॉर्क पान्यानेच. ‘हाताला कळते’ हे चाकाच्या नटाला चालेल, हेडला नाही. मग टॅपेट, नवे ऑइल, नवा फिल्टर, धुतलेला रेडिएटर, परत बसवलेला थर्मोस्टॅट आणि साध्या पाण्याऐवजी कूलंट.

व्यापाऱ्यांनाही एक सांगणे आहे. गाडीच्या कागदावर जितके टन आहेत तितक्यांचेच भाडे ठरवा आणि ते पोटापुरते ठरवा. एका गाडीच्या मालकाने एकट्याने पंप पूर्ववत करून बाजाराशी लढावे, ही अपेक्षा न्यायाची नाही. आणि पंप जुन्या पद्धतीचा आहे तोवरच ही दुरुस्ती इथे होऊ शकते. 1 एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-सहा गाड्यांत डिझेलचे माप संगणक ठरवतो, तिथे केलेला फेरफार उलटवायला रस्त्याकडेचा मिस्त्री पुरणार नाही.

मालकांना विनंती इतकीच: हेड लेथवर गेलेले असते ते दिवस गाडी तशीही उभीच असते. त्याच दिवसांत पंप काढून कॅलिब्रेशनला पाठवा, कंपनीच्या मापावर आणून घ्या, नवे सील लावून घ्या आणि बिलावर तसे लिहून मागा.