उद्घाटने नकोत, निगा हवी

ग्रंथालयाची जुनी इमारत पाडून नवी बांधावयाची झाली, तर मधल्या काळात पुस्तके कोठे ठेवावयाची आणि वाचकांची सोय कोठे करावयाची, याचा विचार कोणतेही कार्यकारी मंडळ आधी करते. ग्रंथालयाच्या संकेतस्थळाच्या बाबतीत मात्र हा साधा विवेक क्वचितच पाळला जातो. काही वर्षे संकेतस्थळ तसेच पडून राहते. मग ते जुनाट झाल्याचा साक्षात्कार होतो, निविदा निघतात, पाहुण्यांच्या हस्ते नव्या संकेतस्थळाचे उद्घाटन होते आणि दुसऱ्या दिवसापासून त्याचेही दुर्लक्षित आयुष्य सुरू होते. या सोहळ्यात वाट मोडते ती वाचकाची. त्याच्या सवयीची पाने हरवतात. संशोधकाने तळटीपेत दिलेला पत्ता कोठेच पोहोचत नाही. हे चक्र थांबवावयाचे असेल, तर संकेतस्थळ ही एकदा विकत घ्यावयाची वस्तू नसून रोज चालवावयाची सेवा आहे, हे प्रथम मान्य करावयास हवे.

हा प्रश्न केवळ देखणेपणाचा नाही. लाकडी खणांतील तालिकापत्रे चाळून पुस्तक शोधण्याचे युग संपले आहे. जगभरच्या ग्रंथालयांना अशी पत्रे छापून पुरविणाऱ्या अमेरिकेतील ओसीएलसी या संस्थेने ऑक्टोबर २०१५ मध्ये शेवटचे पत्र छापले. आता तालिका म्हणजे संकेतस्थळ, असेच समीकरण झाले आहे. कपाटात असलेले, पण पडद्यावर न सापडणारे पुस्तक वाचकाच्या लेखी नसल्यातच जमा. म्हणून संकेतस्थळातील दोष हा ग्रंथसंग्रहातीलच दोष ठरतो.

मग बदल करावयाचा तो कसा? याचे एक बोलके उदाहरण वॉशिंग्टन येथील लायब्ररी ऑफ काँग्रेसने घालून दिले आहे. अमेरिकी संसदेतील विधेयकांची माहिती नागरिकांस मिळावी म्हणून या ग्रंथालयाने जानेवारी १९९५ मध्ये ‘थॉमस’ या नावाची सेवा सुरू केली. पुढे ती अपुरी पडू लागली. परंतु ग्रंथालयाने ती एका रात्रीत मोडीत काढली नाही. सप्टेंबर २०१२ मध्ये ‘काँग्रेस डॉट गव्ह’ ही नवी सेवा केवळ प्रायोगिक म्हणून खुली करण्यात आली. प्रथम विधेयके आणि सभासदांची माहिती, नंतर सभागृहातील कामकाजाचे वृत्त, समित्यांचे अहवाल, नियुक्त्या अशी एकेक सामग्री तीत भरली गेली. या सर्व काळात जुनी सेवाही चालू होती. नव्या घरात सारे सामान नीट लागल्यावरच, जुलै २०१६ मध्ये, ‘थॉमस’ निवृत्त झाले. त्यानंतरही सुधारणा थांबल्या नाहीत. कोणत्या दिवशी काय बदलले याची जंत्री ग्रंथालय लोकांपुढे ठेवीत असते. जुन्या घराला कुलूप लावण्यासाठी जवळजवळ चार वर्षे थांबण्याची ही तयारी म्हणजे दिरंगाई नव्हे. तो वाचकाविषयीचा आदर होय.

त्याच शहरात याच्या नेमके उलट घडलेले उदाहरणही आहे. १ ऑक्टोबर २०१३ रोजी अमेरिकी सरकारने आरोग्य विम्याचे राष्ट्रीय संकेतस्थळ साऱ्या देशासाठी एकदमच खुले केले. अनेक कंत्राटदारांनी बनविलेले भाग एकत्र जोडून त्यांची पुरेशी चाचणी झालेली नव्हती. पहिल्या दिवशी अवघ्या ६ जणांची नोंदणी पूर्ण होऊ शकली. पुढे ते सावरले, परंतु ते दुसरे संकेतस्थळ बांधून नव्हे, तर दोषांची यादी करून एकेक दोष दूर करीत गेल्यामुळे. जी पद्धत आरंभी शहाणपणाने स्वीकारता आली असती, ती शेवटी नाइलाजाने स्वीकारावी लागली, इतकाच याचा अर्थ.

येथे एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो उडवून लावण्याजोगा नाही. थोडे थोडे बदलत राहणे म्हणजे जुन्या वस्त्राला ठिगळे लावीत राहणे नव्हे काय? २८ ऑक्टोबर २०२३ रोजी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीवर खंडणीखोरांनी सायबर हल्ला केला. तालिका पुन्हा लोकांसमोर येण्यास १५ जानेवारी २०२४ हा दिवस उजाडला, आणि तीही आरंभी केवळ शोधापुरतीच होती. मार्च २०२४ मध्ये ग्रंथालयाने स्वतःच प्रसिद्ध केलेल्या अहवालात जुन्या, गुंतागुंतीच्या यंत्रणांचे ओझे हे पूर्ववत होण्यातील विलंबाचे एक प्रमुख कारण म्हणून मोकळेपणाने नमूद झाले. जुन्या यंत्रणांपैकी काही पुन्हा उभ्याच करता येण्यासारख्या उरल्या नव्हत्या. याचा बोध स्पष्ट आहे. क्रमाक्रमाने सुधारणा म्हणजे केवळ भर घालणे नव्हे. निरुपयोगी झालेले क्रमाक्रमाने काढून टाकणे हाही तिचा भाग आहे. ‘थॉमस’च्या कथेतील मोलाची गोष्ट दुहेरी आहे: जुने घाईने मोडले नाही, आणि वेळ येताच ते बंद करण्यास कचरलेही नाहीत.

अशा सुधारणेस अफाट पैसा लागतो, हाही भ्रमच आहे. संकेतस्थळे वापरण्यास सुलभ कशी करावीत याचा अभ्यास करणारे जेकब नीलसन यांनी २००० मध्येच असे मांडले होते की, एकदाच मोठी चाचणी घेण्यापेक्षा पाच-पाच माणसांच्या लहान चाचण्या पुनःपुन्हा घेणे अधिक फलदायी असते. हे तालुक्याच्या गावातील ग्रंथालयासही जमण्याजोगे आहे. पाच वाचकांना पडद्यासमोर बसवावे, एखादे पुस्तक शोधण्यास सांगावे आणि ते कोठे अडतात हे मुकाट्याने पाहावे. जेथे तिघे अडले तेथे दुरुस्ती करावी. पुढच्या महिन्यात पुन्हा पाच जण बोलवावेत. वाचकांनी शोधलेल्या, पण काहीच न सापडलेल्या शब्दांची यादी दर आठवड्यास वाचली, तरी पुढच्या कामाचा आराखडा आपोआप तयार होतो.

मराठी ग्रंथालयांना तर या बारीक कामावाचून गत्यंतरच नाही. १९६२ मध्ये शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि शेकडो शब्दांवरील अनुस्वार गळाले. त्यामुळे हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ ही कादंबरी जुन्या मुखपृष्ठाबरहुकूम नोंदलेली असेल, तर आजच्या रीतीने ‘लक्षात’ असे लिहून शोधणाऱ्याला शब्दाला शब्द ताडून पाहणारे यंत्र ती नाही म्हणून सांगेल. ‘विशाखा’ कुसुमाग्रजांची आणि ‘नटसम्राट’ वि. वा. शिरवाडकरांचे, दोन्ही नावे एकाच लेखकाची, हे वाचक जाणतो, यंत्र जाणत नाही. केशवसुत आणि कृष्णाजी केशव दामले यांचीही तीच कथा. ही नाती यंत्राला शिकवावी लागतात, आणि ती नव्या रंगसंगतीने किंवा मुखपृष्ठावरील सरकत्या चित्रांनी शिकविली जात नाहीत. मराठी ग्रंथांची जाण असलेल्या माणसाने एकेक नोंद पाहून, पर्यायी रूपे जोडीत जावे, हाच त्यावरील उपाय.

खरी अडचण तंत्राची नसून हिशेबाच्या रीतीची आहे. नवे संकेतस्थळ हा एकरकमी खर्च असतो. तो मंजूर करणे सोपे, दाखविणे त्याहून सोपे. निगा हा आवर्ती खर्च. त्याची फीत कापता येत नाही आणि त्याचे छायाचित्रही निघत नाही. १९६७ च्या कायद्याने महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालयांस अनुदानाचा आधार दिला. आता त्या अनुदानाच्या विचारात तालिकेची व संकेतस्थळाची देखभाल हे स्वतंत्र, दरवर्षीचे कलम मानले जावयास हवे. निविदा काढावयाचीच असेल तर तीत उद्घाटनाच्या तारखेबरोबर पुढील तीन वर्षांच्या दुरुस्तीची, आणि जुने पत्ते चालू ठेवण्याची अट असावी. न्यूझीलंडमधील एका ग्रंथालयासाठी बनविलेली व जानेवारी २००० मध्ये वापरात आलेली ‘कोहा’ ही आज्ञावली सर्वांस विनामूल्य खुली आहे. अनेक देशांतील ग्रंथालयांनी आपापल्या गरजेची भर घालीत ती वाढविली. साधने आहेत, उणीव आहे ती नेमून दिलेल्या माणसाची आणि त्याच्या पगाराची.

शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांतील चौथे वाचकाचा वेळ वाचविण्यास सांगते आणि पाचवे ग्रंथालयास वाढत्या सजीवाची उपमा देते. सजीव वाढतो तो दर पाच वर्षांनी मरून पुन्हा जन्म घेऊन नव्हे. शं. ग. दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली ती एकेक नोंद जमवीतच. ज्या भाषेच्या पाठीशी असा वारसा आहे, तिच्या ग्रंथालयांना चिकाटी परक्याकडून उसनी आणावी लागू नये. पुढच्या अंदाजपत्रकात उद्घाटनाच्या खर्चाशेजारी निगेच्या खर्चाची एक ओळ दिसते की नाही, यावरूनच त्यांची खरी परीक्षा होणार आहे.