सुटं पान, अर्धी गोष्ट

प्रतापगडात बसून दरबारी लघुचित्रं काय कळणार, असं मला ऐकवतात. संग्रह असेल तोच रसिक, हा त्यामागचा माज.

पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात अहमदनगरच्या निजामशाहीतली ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ ही सचित्र पोथी आहे. मजकुरात राणी खुंझा हुमायूनचं कौतुक; चित्रांत मात्र राजाशेजारची तिची आकृती नंतर कुणीतरी पुसलेली. हा अन्याय आज कळतो, कारण मजकूर आणि चित्रं एकत्र राहिली.

पोथ्या फोडून पानं सुटी विकणारे आणि फ्रेम करून टांगणारे, दोघंही असाच पुरावा पुसतात. त्यांना मालकी मिळते, गोष्ट तुटते. मला मोबाइलवरचं झूम पुरतं. पोथी मात्र अखंड हवी.