ल्युथरन चर्चमध्ये पहिल्यांदा जाताय? वेदीवरची भाकर प्रसाद नाही, हे आधी समजून घ्या

जर्मनीत शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी गेलेल्या मराठी तरुणांना पहिल्या रविवारी सगळ्यात आधी शांतता जाणवते. दुकानं बंद, रस्ते रिकामे. दहाच्या सुमारास मात्र चर्चच्या घंटा वाजू लागतात आणि दार सताड उघडं असतं. आत जावं का? गेलो तर कुणी धर्म विचारेल का? चुकीच्या वेळी उभं राहिलो तर? या प्रश्नांपायी अनेक जण बाहेरूनच फोटो काढून पुढे जातात.

खरं तर आत जायला हरकत काहीच नाही. ही उपासना सार्वजनिक असते. तिकीट नसतं, नाव नोंदवावं लागत नाही. अडचण होऊ शकते ती फक्त एका ठिकाणी, आणि तीही आपल्या चांगल्या सवयीमुळे.

ल्युथरन म्हणजे नेमके कोण?

मार्टिन ल्युथर या जर्मन धर्मगुरूने १५१७ मध्ये विटेनबर्ग इथे ९५ मुद्दे मांडले आणि चर्चमधल्या गैरप्रकारांना आव्हान दिलं. त्यातून जी परंपरा उभी राहिली, ती ल्युथरन. आज जगभरात तिचे सात कोटींहून अधिक अनुयायी आहेत. जर्मनी, स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क, फिनलंड आणि अमेरिकेत ही चर्च मोठ्या संख्येने दिसतात. जर्मनीत चर्चच्या पाटीवर अनेकदा ‘इव्हँजेलिश’ एवढंच लिहिलेलं असतं. त्यात ल्युथरन येतात, तसेच इतर प्रोटेस्टंटही येतात.

भारतातही ही परंपरा नवी नाही. १७०६ मध्ये झिगेनबाल्ग आणि प्ल्यूत्शाव हे दोन जर्मन मिशनरी तमिळनाडूतल्या तरंगंबाडीत उतरले. रांचीत गॉसनर मिशनचं काम १८४५ मध्ये सुरू झालं. आंध्रातल्या गुंटूर भागातही मोठा ल्युथरन समाज आहे.

तासाभरात काय काय होतं?

उपासना साधारण एक तास चालते. सुरुवात ऑर्गनने होते. भिंतीवरच्या फळीवर काही आकडे लावलेले दिसतील. ते त्या दिवशीच्या गीतांचे क्रमांक. दाराशी मिळणाऱ्या गीतपुस्तकात तो क्रमांक उघडायचा, की झालं.

मग प्रार्थना, बायबलमधले उतारे, श्रद्धेची कबुली, पाळकाचं प्रवचन, जगातल्या दुःखितांसाठी प्रार्थना, ‘प्रभूची प्रार्थना’ आणि शेवटी आशीर्वाद. प्रवचन बहुतेक वेळा १५ ते २० मिनिटांचं असतं. प्रवचन देणारी व्यक्ती स्त्री असेल तर दचकू नका; जर्मनीत आणि उत्तर युरोपात स्त्री-पाळक सर्रास आहेत. जर्मनीत पाळकाचा झगा सहसा काळा आणि गळ्याशी पांढऱ्या पट्ट्या, तर स्वीडनमध्ये पांढरा पायघोळ अंगरखा दिसेल.

वेदीवरच्या कापडाचा रंगही काही सांगत असतो. नाताळ आणि ईस्टरला पांढरा, त्यांच्या आधीच्या तयारीच्या काळात जांभळा, पेंटेकॉस्टला लाल आणि वर्षाचा बराचसा काळ हिरवा.

इतकं गाणं कशासाठी?

ल्युथरच्या आधी उपासना लॅटिनमध्ये चालायची. सामान्य माणूस बहुतांशी पाहत उभा असे. ल्युथरने १५२२ मध्ये ‘नवा करार’ जर्मन भाषेत आणला, १५२४ मध्ये पहिला गीतसंग्रह निघाला आणि १५२६ मध्ये जर्मन भाषेतल्या उपासनेचा आराखडा आला. लोकांनी आपल्या भाषेत गावं, हा त्यातला गाभा. पुढे लाइपझिगच्या सेंट थॉमस चर्चमध्ये १७२३ ते १७५० या काळात बाखने जे संगीत उभं केलं, तेही याच मातीतलं.

मराठी माणसाला हे समजायला वेळ लागू नये. ल्युथर गेला १५४६ मध्ये, तेव्हा पैठणचे एकनाथ कुमारवयात होते. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही, श्रद्धाही वेगळ्या. पण देवाविषयीचं बोलणं घरच्या भाषेत व्हावं, हा आग्रह आपल्या ओळखीचा आहे.

अडचण कुठे होते?

प्रभुभोजनात. जर्मनीत ते दर रविवारी असेलच असं नाही. असलं की लोक उठून वेदीपाशी जातात, भाकरीचा तुकडा किंवा पातळ चकती घेतात आणि द्राक्षारस पितात. अनेक ठिकाणी वाइनऐवजी द्राक्षाचा साधा रसही असतो.

इथे आपले संस्कार आपल्याला चुकवतात. देवळात, कीर्तनात, गुरुद्वारात किंवा शेजारच्या सत्यनारायणाला कुणी हातावर काही ठेवलं, की नाही म्हणायचं नाही, हे लहानपणापासून शिकवलेलं असतं. प्रसाद नाकारणं म्हणजे अपमान. म्हणून अनेक जण अगदी आदरापोटी रांगेत उभे राहतात.

पण प्रभुभोजन म्हणजे प्रसाद नाही. त्या भाकरीत आणि द्राक्षारसात ख्रिस्त खरोखर उपस्थित असतो, अशी ल्युथरन श्रद्धा आहे. ते घेणं म्हणजे ‘मी या श्रद्धेत सामील आहे’ असं सर्वांसमोर सांगणं. बहुतेक ल्युथरन चर्चमध्ये बाप्तिस्मा झालेल्या ख्रिस्ती व्यक्तीला बोलावलं जातं. अमेरिकेतल्या मिसूरी सिनडसारख्या काही चर्चमध्ये नियम आणखी कडक आहेत. त्यामुळे ज्याची ती श्रद्धा नाही, त्याने बाकावर शांत बसून राहणं हाच तिथला आदर. त्याबद्दल कुणी डोळे वटारत नाही. काही चर्चमध्ये छातीवर हात दुमडून पुढे गेलं, की फक्त आशीर्वाद देतात. तशी पद्धत आहे का, हे शेजारच्याला विचारून घ्यावं.

हीच गोष्ट श्रद्धेच्या कबुलीची. सगळे उभे राहिले की उभं राहावं. पण जे आपण मानत नाही, ते ओठांनी म्हणायची गरज नाही. सगळं करून दाखवण्यापेक्षा प्रामाणिकपणे गप्प बसणं यजमानांनाही अधिक आवडेल.

आणखी काही व्यावहारिक गोष्टी

– युरोपात बूट काढायचे नसतात. पुरुषांनी टोपी काढावी, स्त्रियांनी डोकं झाकायची गरज नाही.
– मोबाइल सायलेंटवर ठेवा. उपासना सुरू असताना फोटो किंवा रील नको.
– मागच्या बाकावर बसा. कधी उठायचं, कधी बसायचं हे पुढच्यांकडे बघून कळतं.
– दानाची पिशवी फिरते किंवा दाराशी पेटी असते. पाहुण्याने काही टाकलंच पाहिजे असं नाही.
– जर्मनीतल्या चर्च कराची भीती नको. आयकराच्या ८ किंवा ९ टक्के असलेला हा कर फक्त नोंदणीकृत सदस्यांना लागतो. उपासनेला बसल्याने नाही. मात्र गोवा-वसईहून गेलेल्या कॅथलिक व्यक्तीने पत्ता नोंदवताना अर्जात धर्म लिहिला, तर तो लागू होऊ शकतो.

मग जावं का?

‘श्रद्धा नाही तर जायचं कशाला’ असा आक्षेप घेतला जातो. धर्म म्हणजे फक्त मानणं असेल, तर तो बरोबर आहे. पण ज्या समाजात पुढची काही वर्षं काढायची, त्याची गाणी, त्याचे सण, त्याची दुःखं एका तासात इतक्या जवळून दुसरीकडे क्वचितच दिसतात. त्या जगासाठीच्या प्रार्थनेत कधी युद्ध असतं, कधी त्याच गल्लीतला मृत्यू.

उपासनेनंतर पाळक दाराशी उभे राहून हात मिळवतात, अनेक ठिकाणी कॉफीही असते. नव्या शहरात आठवडाभर कुणाशी मनमोकळं बोलणं न झालेल्या मुलासाठी ती कॉफी लहान गोष्ट नाही. ती मात्र बिनधास्त घ्यावी. तिच्यासाठी कसलीच कबुली द्यावी लागत नाही.