भाऊबिजेचं तिकीट



आधी मत सांगतो, मग हिशोब मांडतो. ज्यांचं एक लेकरू लंडनकडे आणि दुसरं न्यूयॉर्क-जर्सीकडे आहे, अशा घरांनी भावंडांची भेट ख्रिसमसवर ढकलू नये. "पुढच्या वर्षी सगळे एकदम कडोलीला येऊ" या वायद्यावरही सोडू नये. भावंडांनी दिवाळीच्या आसपास, भाऊबिजेच्या निमित्तानं, तिकडल्या तिकडंच भेटावं. ते आपल्या रीतीला धरून आहे. आणि बँकेत हयात घालवलेला माणूस म्हणून सांगतो, खिशालाही तेच परवडतं.

आमच्याच घरचं बघा. थोरला जर्सीत, धाकटी लंडनजवळ. तो येतो मे-जूनमध्ये, शाळेला सुट्टी म्हणून. ती येते डिसेंबरात, तिला तेव्हाच रजा म्हणून. आम्हा दोघांना दोन्ही लेकरं भेटतात, पण त्यांची एकमेकांशी समोरासमोर गाठ पडून चार वर्षं झाली. विचारलं की दोघांचं एकच उत्तर, "बाबा, तिकीट लई महाग आहे की!"

महाग आहे खरं, पण ते बघतात त्या दिवसांत. लंडन-न्यूयॉर्क अंतर साधारण साडेपाच हजार किलोमीटर. मुंबईहून लंडन गाठायला त्याहून जास्त उडावं लागतं. या मार्गावर जूनपासून ऑगस्टपर्यंत आणि ख्रिसमसच्या पंधरवड्यात भाडं चढतं, कारण तेव्हा सगळं जग सुट्टीवर असतं. नोव्हेंबर आणि जानेवारी ते मार्च हे मंदीचे दिवस. आपली दिवाळी येते ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, म्हणजे उन्हाळ्याची गर्दी ओसरल्यावर आणि ख्रिसमसची सुरू होण्याआधी. दोनच आठवडे टाळायचे. ऑक्टोबरअखेर इंग्लंडात शाळांची आठवड्याची सुट्टी असते तो एक, आणि नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी अमेरिकेत थँक्सगिव्हिंग असतं तो दुसरा. दिवाळी त्या पहिल्या आठवड्यातच आली तर भाऊबीज आठ दिवस पुढं करा. ओवाळणारी बहीण आणि ओवाळून घेणारा भाऊ समोर असले की पंचांग रागावत नाही.

स्वस्त तिकिटाची या मार्गावर जुनी परंपरा आहे. १९७७ च्या सप्टेंबरात फ्रेडी लेकर नावाच्या इंग्रज माणसानं लंडनच्या गॅटविकहून न्यूयॉर्कला "स्कायट्रेन" सुरू केली. एका बाजूचं भाडं ५९ पौंड. आगाऊ बुकिंग नाही, रांगेत उभं राहा, जागा असेल तर चढा, जेवणाचे पैसे वेगळे. आपल्या एसटीसारखंच की! १९८२ च्या फेब्रुवारीत ती कंपनी बुडाली. पुढं आइसलँडची वॉव एअर २०१९ मध्ये बंद पडली, आणि नॉर्वेजियननं २०२१ मध्ये लांबचे मार्ग सोडले. २०२२ पासून नॉर्स अटलांटिक गॅटविकहून न्यूयॉर्कला जाते. मोठ्या कंपन्या एकमेकींशी करार करून या मार्गावर घट्ट बसल्यात, आणि अधूनमधून कुणीतरी नवा येऊन भाडं खाली ओढतो. म्हणून स्वस्त भाडं दिसलं की त्याचा लाभ घ्यावा, पण सहा-आठ महिन्यांनंतरच्या प्रवासाचे पैसे अडकवताना कंपनी कशी चाललीय तेही बघावं. कर्ज देताना आम्ही ताळेबंद बघत होतो, तसंच.

आता हिशोब. स्क्रीनवरचा आकडा म्हणजे तिकिटाची किंमत नव्हे. त्यात बॅग मिळवा, बसायची जागा मिळवा, जेवण मिळवा. मग विमानतळापर्यंतचं भाडं मिळवा. "लंडन" म्हणजे हीथ्रोही असतं, गॅटविकही. "न्यूयॉर्क" म्हणजे केनेडीही असतं आणि नेवार्कही. एडिसनला राहणाऱ्या माणसानं केनेडीचं स्वस्त तिकीट काढलं आणि उरलेले पैसे टॅक्सीला घातले, तर बचत कुठं झाली? वहीत दोन रकाने पाडा, घराच्या दारापासून दारापर्यंतचा खर्च लिहा, मग ठरवा. चार दिवसांसाठी जाणाऱ्याला मोठी बॅग लागत नाही. चकली आणि चिवडा हातातल्या पिशवीत बसतो.

आणखी काही गोष्टी पदरात बांधून घ्या.

इंग्लंडातून निघणाऱ्या प्रवाशावर तिथलं सरकार एअर पॅसेंजर ड्यूटी घेतं, आणि लांबच्या प्रवासाला ती चांगलीच लागते. पण सोळा वर्षांखालच्या मुलांना इकॉनॉमीत ती माफ आहे. म्हणून चौघांचं कुटुंब कुठून कुठं जाणार, हे ठरवताना हा फरक धरावा. आयर्लंडनं असा कर २०१४ मध्ये काढून टाकला, त्यामुळं डब्लिनहून निघणं कधीकधी स्वस्त पडतं. मात्र भारतीय पासपोर्ट असेल तर आयर्लंडात शिरायला वेगळा व्हिसा लागतो, इंग्लंडात कायमचं राहत असलात तरी.

पासपोर्टचा प्रश्न तिकिटाआधीचा. ग्रीन कार्ड असलं तरी पासपोर्ट भारतीय असेल, तर इंग्लंडचा व्हिसा काढावा लागतो. इंग्लंडात स्थायिक असून पासपोर्ट भारतीय असेल, तर अमेरिकेचा. तिकडचं नागरिकत्व घेतलेल्यांना फक्त ऑनलाइन परवानगी पुरते. दोघांपैकी ज्याचा कागद सोपा, त्यानं प्रवास करावा. परंपरेनं भाऊ बहिणीकडं जातो, पण कागदानं अडलं तर बहिणीनं जावं. त्यात कमीपणा काय?

अमेरिकेला जाणारं किंवा तिथून निघणारं तिकीट थेट विमान कंपनीकडून, प्रवासाच्या किमान सात दिवस आधी काढलं, तर तिथल्या नियमाप्रमाणं चोवीस तासांत सोय मिळते. एकतर पैसे भरून विनाशुल्क रद्द करता येतं, नाहीतर भाडं धरून ठेवता येतं. दलालाच्या स्वस्त साइटला हा नियम बांधील नाही. चार पौंड वाचवायला तिकडं जाऊ नये. आणि दोन वेगवेगळी तिकिटं जोडून प्रवास करू नये. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी थांबत नाही, पैसेही देत नाही.

शेवटची गोष्ट माझ्या धंद्यातली. इथून बापानं हौसेनं तिकीट काढून द्यायचं ठरवलं, तर बहुतेक भारतीय कार्डांवर परकीय चलनात भरल्यावर तीन-साडेतीन टक्के मार्कअप आणि त्यावर जीएसटी बसतो. साइट "रुपयांत भरा" म्हणाली तर दर आणखी वाईट लागू शकतो. त्यापेक्षा बँकेतून लेकराच्या खात्यावर भेट म्हणून रक्कम पाठवा. रिझर्व्ह बँकेनं २००४ मध्ये ही योजना आणली तेव्हा मर्यादा वर्षाला २५ हजार डॉलर होती, आता अडीच लाख आहे. ए-टू फॉर्म आणि पॅन, एवढ्यावर काम होतं. मात्र पाठवणीचा खर्चही वहीत लिहा.

काहीजण म्हणतील, रोज व्हिडिओवर बोलतात की, मग एवढा खटाटोप कशाला? त्यांना मी काउंटरवर बघितलेलं सांगतो. माणूस गेल्यावर मयत खात्याचा क्लेम येतो, आणि सगळ्या वारसांच्या सह्या लागतात. वर्षानुवर्षं न भेटलेली भावंडं त्या दिवशी आमच्या बाकावर शेजारी शेजारी बसायची. एक फोन बघायचा, दुसरी कागद. भांडण नसायचं, पण बोलायला काही उरलेलंही नसायचं. चेहऱ्यानं सारखी, वागण्यात परकी. २००५ च्या कायद्यानं वडिलोपार्जित मिळकतीत लेकीलाही लेकासारखाच हिस्सा दिला, ते योग्यच झालं. म्हणजे आमच्या माघारी कडोलीचं घर आणि बटाट्याचं रान या दोघांनी मिळूनच बघायचं आहे. तेव्हा त्यांना एकमेकांची सवय असायला पाहिजे. ती सवय स्क्रीनवर लागत नाही. एका ताटात जेवल्यावर, एका खोलीत झोपल्यावर लागते.

आपल्या भागाला हे नवीन नाही. चंदगड तालुका १९५६ पर्यंत बेळगाव जिल्ह्यात होता. राज्य पुनर्रचनेत तो तिकडं गेला, आपण इकडं राहिलो. माझी आत्या त्या बाजूला दिलेली. वडिलांनी त्यावरून कधी भाऊबीज चुकवली नाही. एसटी मिळाली तर एसटीनं, नाहीतर सायकलवर पिशवी अडकवून जायचे. पैसे तेव्हाही कमीच होते. पण दिवस ठरलेला होता, म्हणून जाणं व्हायचं.

आजच्या पोरांना तसा ठरलेला दिवस नाही, हीच खरी अडचण. तिकीट महाग हे कारण अर्धंच खरं आहे. म्हणून आम्हा म्हाताऱ्यांना माझी विनंती आहे. मुलांना "कधी येताय?" एवढंच विचारू नका. "तुम्ही दोघं कधी भेटताय?" हेही विचारा. एखाद्या वर्षी ती तिकडूनच एकमेकांकडं गेली आणि इकडं आली नाहीत, तरी तोंड पाडू नका. भावानं साडी पाठवण्यापेक्षा बहिणीचं तिकीट ओवाळणी म्हणून घालावं. जमत नसेल तर आपण अर्धं घालावं.

गुरुवारी रात्री नेवार्कहून निघालं की शुक्रवारी सकाळी लंडन, आणि सोमवारी परत. दोन-तीन दिवसांची रजा लागते. गणपती झाले की भाडं बघायला लागा. तुमच्या घरात कुणी असं जमवलं असेल, तर कसं जमवलं ते खाली लिहा, इतरांना उपयोग होईल.