मुलाची भेट आणि कोर्टाची तारीख

आमच्या परिचयाचे एक व्यापारी गृहस्थ मुलीच्या भेटीसाठीं कौटुंबिक न्यायालयांत उभे राहिले, तेव्हां त्यांच्या बगलेंत कागदांचा मोठा गठ्ठा होता. पत्नी माहेरीं गेल्यापासून सात महिने त्यांस मुलीचें तोंडहि पाहूं दिलें नव्हतें, हें खरें होतें. गठ्ठ्यांत पत्नीचे जुने संदेश, सासऱ्यांशीं झालेल्या वादाचीं ध्वनिमुद्रणें, शेजाऱ्यांचीं पत्रें, सर्व कांहीं होतें. न्यायाधीशांनीं एवढेंच विचारलें कीं, मुलगी कितवीत आहे आणि तिची शाळा केव्हां सुटते? गृहस्थांस सांगतां येईना.

असे गठ्ठे आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत. त्यांत पत्नीचे किंवा पतीचे दोष भरपूर असतात. मूल मात्र शोधूनहि सांपडत नाहीं. याचें कारण असें कीं, आमच्या समाजांत मूल म्हणजे घराण्याची मिळकत, ही समजूत अद्यापि सुटलेली नाहीं. ज्याच्या घरीं मूल, त्याची सरशी! कायद्याची दृष्टि अगदीं निराळी आहे. १८९० चा पालक व पाल्य कायदा घ्या किंवा १९५६ चा हिंदु अज्ञानत्व व पालकत्व कायदा घ्या, दोहोंतहि मुलाचें हित पाहण्यास सांगितलें आहे. दुसऱ्यांत तर तेंच सर्वांत श्रेष्ठ मानलें आहे. मुलें ही आईबापांची चीजवस्तू नव्हेत, असें सर्वोच्च न्यायालयानें १९७३ सालींच बजावलें. आणि २०२० सालच्या एका निकालांत, आई व बाप या दोघांचेंहि प्रेम मिळणें हा मुलाचा हक्क आहे, असें त्याच न्यायालयानें म्हटलें आहे. म्हणजे भेट मागावयाची ती मुलाच्या वतीनें. हें ज्यास उमगलें त्याची निम्मी तयारी झाली.

उरलेली निम्मी आमच्या व्यापारी वाचकांस अवघड जाऊं नये. रोजकीर्द लिहिणारास तारीखवार टिपण शिकवावयास नको. कोणत्या दिवशीं भेट मागितली, कोणत्या रीतीनें मागितली, काय उत्तर आलें, एवढेंच लिहावें; शिव्याशाप लिहूं नयेत. भ्रमणध्वनीवरील संदेश पुराव्यांत द्यावयाचे तर २०२३ च्या साक्ष अधिनियमाप्रमाणें लागणारें प्रमाणपत्र वकिलाकडून आधींच तयार करून घ्यावें. परंतु सर्वांहून महत्त्वाचा कागद म्हणजे भेटीची योजना: कोणता वार, किती तास, कोणतें ठिकाण, कोणी न्यावयाचें, कोणी पोंचवावयाचें, सुटींत काय, आजारपणांत काय, आणि मधल्या दिवसांत दूरध्वनीवर केव्हां बोलावयाचें. लहान मूल बावरलेलें असेल तर पहिल्या भेटी थोड्या वेळाच्या मागाव्या. ज्यास मूल हवें आहे तो इतका विचार करतो. ज्यास केवळ जिंकावयाचें आहे तो करीत नाहीं, आणि न्यायाधीशांस हा फरक दिसतो. १९८४ च्या कायद्यान्वयें कौटुंबिक न्यायालयांत वकील हा पक्षकाराचा हक्क नव्हे; परवानगीनें तो मिळतो, तरी प्रश्न तुम्हांसच विचारले जाण्याचा संभव धरून चालावें.

एक गोष्ट आम्ही कठोरपणें सांगतों. भेट नाहीं म्हणून पोटगी बंद, हा सौदा कोणीहि करूं नये. त्यांत उपाशी राहील तें तुमचेंच मूल, आणि कोर्टापुढें तुमचा शब्द हलका होईल. उलट पोटगी थकली म्हणून मुलास बापापासून तोडणारी आईहि तितकीच चुकते. तिला वसुलीचा स्वतंत्र मार्ग आहे. जेथें मारहाणीची किंवा मुलाच्या सुरक्षिततेची खरी भीति असेल, तेथें गोष्ट वेगळी. पण ती भीति कोर्टास सांगावी, परस्पर दार लावून घेऊं नये. हुकूम झाल्यावरहि तो मोडला जात असेल, तर दाराशीं तमाशा न करितां दरखास्त द्यावी. जाणूनबुजून हुकूम मोडणारास दिवाणी कैद होऊं शकते.

ते व्यापारी गृहस्थ पुढील तारखेस आले, तेव्हां गठ्ठा घरीं होता. हातांत एकच कागद होता. त्यावर शाळेची वेळ, मुलीच्या नृत्यवर्गाचा वार, आणि दोन रविवारांची मागणी. पत्नीच्या वकिलांनीं पहिल्या रविवारीं हरकत घेतली नाहीं.